बंदीचा हुकूम न काढता गाणं कसं बंद पाडतात?

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सत्तांतरावर टीका करणाऱ्या एका मराठी रॅपवरून पोलिसांत गुन्हा दाखल झाला. गाणं मोबाइलवर फिरत होतंच. गुन्ह्याची बातमी आल्यावर ते आणखी फिरलं आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही फिरला. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरी रेकॉर्ड करून टाकलेल्या गाण्याला कुणाची परवानगी लागते का? लागत नसेल, तर ते थांबवतं कोण आणि कसं?

याचं उत्तर समजून घ्यायला सगळ्यात उपयोगी पडतं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं १९९० चं प्रकरण. तिथे काय घडलं याची पायरीन् पायरी न्यायालयाच्या निकालात नोंदवलेली आहे. ज्या हिप हॉप ग्रुपवर हे बेतलं, त्याने ते चालू असतानाच त्यावर गाणंही केलं: ‘बॅन्ड इन द यू.एस.ए.’, म्हणजे ‘अमेरिकेत बंदी घातलेले’.

## आधी त्या कॅसेटबद्दल

टू लाइव्ह क्रू हा मायामीचा ग्रुप. त्याचा म्होरक्या ल्युथर कॅम्बेल, आणि रेकॉर्ड कंपनीही त्याचीच. १९८९ मध्ये त्यांचा ‘अ‍ॅज नॅस्टी अ‍ॅज दे वॉना बी’ हा १८ गाण्यांचा अल्बम आला. गाणी शिव्यांनी आणि उघड लैंगिक वर्णनांनी भरलेली होती. त्यांतली बायकांबद्दलची भाषा हीन होती, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. ग्रुपने हे सगळं गाळलेली दुसरी, सोवळी आवृत्तीही बाजारात आणली होती. पण खपली ती पहिलीच, वीस लाखांहून जास्त.

अल्बमविरुद्ध एका वकिलाने मोहीम उघडली आणि राज्याचे गव्हर्नर बॉब मार्टिनेझ यांनी चौकशीची मागणी केली. पण खरी कारवाई झाली ती एका जिल्ह्यात. ब्रॉवर्ड काउंटीचे शेरीफ होते निक नवारो. अमेरिकेतला शेरीफ म्हणजे मुंबईच्या शेरीफसारखं नुसतं मानाचं पद नव्हे. तो काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख असतो आणि लोकांच्या मतांवर निवडून येतो.

## ८ डॉलर ४९ सेंटची खरेदी

फेब्रुवारी १९९० च्या अखेरीस शेरीफच्या खात्यातला एक पोलीस एका म्युझिक स्टोअरमध्ये गेला आणि उघड्या रॅकवरची कॅसेट ८ डॉलर ४९ सेंट अधिक कर देऊन विकत घेतली. ऐकली. १८ पैकी ६ गाण्यांचे शब्द कागदावर उतरवून घेतले. ते प्रतिज्ञापत्रासोबत जोडून स्थानिक न्यायाधीशांकडे नेले. ९ मार्चला न्यायाधीशांनी आदेश दिला की ही कॅसेट अश्लील असावी असं मानायला प्रथमदर्शनी कारण आहे.

इथे थांबून पाहायला हवं. ‘प्रथमदर्शनी कारण आहे’ म्हणजे ‘सिद्ध झालं’ नव्हे. ग्रुपला नोटीस नव्हती आणि बाजू मांडायची संधी नव्हती. खटलासुद्धा झालेला नव्हता. तरीही त्या आदेशाच्या प्रती काढून पोलीस काउंटीतल्या १५ ते २० दुकानांत गेले. ते दमदाटी करायला गेले नव्हते, बोलणं सौजन्याचंच होतं. त्यांनी आदेश दाखवला आणि यापुढे विकाल तर अटक होऊ शकते एवढं सांगितलं.

आपल्याकडच्या एखाद्या किराणावाल्याच्या दुकानात निरीक्षक आला आणि हसतमुखाने म्हणाला, “शेठ, ही बिस्किटं नका ठेवू, पुढे त्रास होईल,” तर शेठ काय करेल? बिस्किटं खराब आहेत का, तपासणी झाली का, असं विचारत बसणार नाही. दुकानात आणखी दोनशे वस्तू आहेत, एका बिस्किटासाठी तो निरीक्षकाशी वैर घेणार नाही. तो पुडे आत सरकवेल.

ब्रॉवर्डमध्ये हेच झालं. थोड्याच दिवसांत काउंटीतल्या एकाही दुकानात ती कॅसेट विक्रीला राहिली नाही. कायदा बदलला नव्हता, बंदीचा हुकूम निघाला नव्हता आणि कुणाला शिक्षाही झालेली नव्हती.

गाणं अडवायचं असलं की दाब गाणाऱ्यावर कमी आणि विकणाऱ्यावर जास्त टाकतात, कारण गाणाऱ्याला गाण्याची ओढ असते. विकणाऱ्याला ती असतेच असं नाही.

## एकाच निकालात दोन्ही बाजूंना धक्का

ग्रुपने थांबून वाट पाहिली नाही. १६ मार्चला त्यांनी स्वतःच शेरीफविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला. ६ जून १९९० रोजी न्यायाधीश होजे गोन्झालेझ यांनी निकाल दिला. त्या निकालाचा अर्धाच भाग बातम्यांत गाजला.

पहिला भाग ग्रुपच्या विरोधात गेला: अल्बम अश्लील आहे. अश्लील ठरलेल्या साहित्याला अमेरिकी घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळत नाही, त्यामुळे आता ती कॅसेट विकणं हा गुन्हा झाला.

दुसरा भाग शेरीफच्या विरोधात होता. खटला होऊन निवाडा होण्याआधीच दुकानादुकानांत जाऊन विक्री थांबवणं हा बेकायदा पूर्वनिर्बंध होता, असं न्यायाधीशांनी ठरवलं. पूर्वनिर्बंध म्हणजे एखादी गोष्ट गुन्हा आहे की नाही हे ठरायच्या आतच ती लोकांपर्यंत पोहोचू न देणं. छापल्यावर, गायल्यावर खटला भरणं निराळं आणि आधीच तोंड दाबणं निराळं. दुसऱ्या प्रकाराकडे न्यायालयं फार संशयाने पाहतात, कारण त्यात चूक झाली तर ती कुणाला कळतही नाही.

## अश्लील ठरवायची मोजपट्टी

अमेरिकेत ही कसोटी १९७३ च्या मिलर खटल्यातून आली. तिच्यात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच काम अश्लील ठरतं. समाजाच्या आजच्या रूढ मापाने, सर्वसाधारण माणसाला हे काम पूर्णपणे घेतलं असता वासना चाळवणारं वाटतं का? राज्याच्या कायद्यात नमूद केलेलं लैंगिक वर्तन ते उघडपणे किळसवाण्या रीतीने दाखवतं का? आणि कामाला गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नाही, असं आहे का?

‘पूर्णपणे’ ही अट लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. तक्रार एका ओळीची असते आणि मोजायचं असतं अख्खं गाणं.

‘समाज’ म्हणजे किती मोठा, हाही प्रश्न होता. गोन्झालेझ यांनी ब्रॉवर्ड आणि शेजारच्या डेड व पाम बीच या तीन काउंट्यांचा मिळून एक समाज धरला. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बिनदिक्कत विकलेली कॅसेट इथे गुन्हा ठरू शकते.

शेवटी खटला फिरला तो तिसऱ्या प्रश्नावर. कलामूल्य आहे की नाही, हे कुणी आणि कशावरून ठरवायचं? ग्रुपने संगीत समीक्षक आणि आफ्रिकन-अमेरिकन संस्कृतीचे जाणकार साक्षीला आणले होते. शेरीफच्या बाजूने पुरावा होता तो फक्त कॅसेटचा. न्यायाधीशांनी ती ऐकून स्वतःच ठरवलं की हिच्यात मूल्य नाही. मे १९९२ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल याच मुद्द्यावर उलटवला: एका बाजूने जाणकारांची साक्ष असताना, नुसती टेप ऐकून कलामूल्य शून्य ठरवता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला आणि प्रकरण तिथे संपलं.

## मग ‘बॅन्ड इन द यू.एस.ए.’ काय म्हणतं?

जुलै १९९० मध्ये, म्हणजे अपील निकालाच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, हे गाणं आलं. चाल ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या १९८४ च्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ची, तीही त्यांची रीतसर परवानगी घेऊन. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. मूळ गाणं व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या कामगार घरातल्या सैनिकाच्या कडवटपणाचं आहे, पण त्याचं ध्रुपद इतकं दणदणीत की कित्येकांनी ते देशभक्तीचं म्हणूनच गायलं. ‘मी इथलाच’ असं सांगणारी ती चाल घेऊन एक कृष्णवर्णीय ग्रुप म्हणतो की आम्हीही इथलेच, मग घटनेने दिलेलं बोलण्याचं स्वातंत्र्य आम्हाला का लागू नाही?

ज्या शिवराळपणावरून सगळा गदारोळ झाला, त्यावर हे गाणं उभं नाही. ते वाद घालतं: बोलण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या घटनेतल्या पहिल्या दुरुस्तीबद्दल, आपल्यालाच वेगळं काढल्याबद्दल. आणि शेवटी ते श्रोत्यांना निवडणुकीच्या दिवसाची आठवण करून देतं. हा रोख नेमका आहे. गव्हर्नर आणि शेरीफ, दोघंही मतांवर निवडून येणारे. मार्टिनेझ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हरले, नवारो १९९२ मध्ये. ते गाण्यामुळे हरले असं मी म्हणणार नाही, निवडणुकीला शंभर कारणं असतात. पण निषेधगीत म्हणजे नुसता संताप, असं समजणाऱ्यांनी हे ऐकावं. यात तक्रार कुणाविरुद्ध आणि उपाय काय, हे दोन्ही सांगितलेलं आहे. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड या मुख्य यादीत ते विसाव्या क्रमांकापर्यंत चढलं.

## “पण मुलांचं काय?”

रास्त प्रश्न. त्यावर अमेरिकेत आधीच एक वाट काढलेली होती. १९८५ मध्ये सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या इतर काही वजनदार महिलांनी एक पालक मंच काढला आणि गाण्यांवर इशारा छापायची मागणी केली. १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. फ्रँक झॅपा, डी स्नायडर आणि जॉन डेन्व्हर या तीन अगदी वेगळ्या घराण्यांच्या संगीतकारांनी तिथे विरोधात साक्ष दिली. त्यानंतर रेकॉर्ड कंपन्यांनी ऐच्छिक इशारा मान्य केला. पुढे काही राज्यांत सक्तीची विधेयकं येऊ लागली तेव्हा १९९० मध्ये सगळ्यांसाठी एकच काळं-पांढरं लेबल ठरलं. ते पहिल्यांदा लागलं ‘बॅन्ड इन द यू.एस.ए.’ याच नावाच्या अल्बमवर.

आईवडिलांना माहिती देणारं लेबल आणि प्रौढाच्या हातातून कॅसेट काढून घेणारा पोलीस यांत फरक आहे, आणि मला पहिली गोष्ट मान्य आहे. पण लेबलाचाही एक दुष्परिणाम झाला. वॉलमार्टसारख्या साखळी दुकानांनी लेबल लागलेलं संगीत ठेवायचंच नाही असं ठरवलं. लहान गावात तेच एक मोठं दुकान असेल, तर ग्राहकासाठी इशारा आणि बंदी यांत काही फरक उरत नाही. पुन्हा तेच: निर्णय झाला तो दुकानाच्या रॅकवर.

## “बंदीने तर खप वाढतो!”

हे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो. ग्रुपच्या बाबतीत ते खरं धरलं, तरी चार्ल्स फ्रीमनकडे पाहा. फोर्ट लॉडरडेलमधला हा कृष्णवर्णीय दुकानदार निकालानंतरही कॅसेट उघडपणे विकत राहिला. ८ जूनला त्याने एक प्रत साध्या वेशातल्या पोलिसाला विकली आणि त्याला हातकड्या पडल्या. १० जूनला हॉलिवूड नावाच्या गावात (फ्लोरिडातलं, सिनेमाचं नव्हे) फक्त प्रौढांसाठी असलेल्या कार्यक्रमानंतर ग्रुपमधल्या कलाकारांनाही अटक झाली.

दोन्ही खटले त्याच काउंटीत, त्याच ऑक्टोबर महिन्यात चालले. ३ ऑक्टोबरला सहाही गोऱ्या ज्यूरींनी (निवाडा करायला निवडलेल्या सामान्य नागरिकांनी) फ्रीमनला दोषी ठरवलं. त्याला १,००० डॉलर दंड झाला. २० ऑक्टोबरला ग्रुपमधले खटला भरलेले तिघंही निर्दोष सुटले.

असं का झालं? ग्रुपच्या खटल्यात पुरावा होता पोलिसांनी लपवून केलेल्या ध्वनिमुद्रणाचा. ते इतकं खरखरीत होतं की शब्द धड कळत नव्हते आणि पोलिसांनाच ते वाचून दाखवावे लागले. त्या गंभीर आवाजातल्या वाचनावर हसू आवरेना म्हणून ज्यूरींनी न्यायाधीशांकडे हसण्याची परवानगी मागितली. बचावाच्या बाजूने साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांची साक्ष झाली. अतिशयोक्ती, एकमेकांची टर उडवणं, शिव्यांची जुगलबंदी ही कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेतली जुनी खेळी आहे, ती शब्दशः घ्यायची नसते, हे त्यांनी समजावलं. ज्यूरींना निर्णयाला दोनेक तास लागले.

म्हणजे प्रसिद्धी, वकील, प्राध्यापक हे सगळं कलाकाराला मिळालं, आणि शिक्षा दुकानदाराला. पुढच्या वेळी शेजारचा दुकानदार काय करेल, हे सांगायला नको. ‘बंदीने खप वाढतो’ या वाक्यात हा माणूस धरलेलाच नसतो.

## “अशा गाण्यांची बाजू घ्यायची तरी कशाला?”

या प्रश्नाला सगळ्यात प्रामाणिक उत्तर दिलं ते कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी. एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या जागेवरून त्यांनी लिहिलं. तशीच भाषा वापरणाऱ्या गोऱ्या विनोदवीराला कुणी हात लावत नाही आणि कृष्णवर्णीय ग्रुपला बेड्या पडतात, यातला वर्णभेद त्यांनी दाखवला. पण ‘ही तर परंपरा आहे, विनोद आहे’ एवढं म्हणून त्या शब्दांतला स्त्रीद्वेष झाकता येत नाही, असंही तितक्याच ठामपणे मांडलं. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. गाण्यावर टीका करा, ते विकत घेऊ नका, त्याविरुद्ध दुसरं गाणं लिहा. या सगळ्यासाठी पोलीस लागत नाहीत.

## आपल्याकडे हे कसं चालतं

सिनेमातल्या गाण्याला सिनेमाबरोबर प्रमाणपत्र लागतं. स्वतंत्रपणे इंटरनेटवर टाकलेल्या गाण्याला आधी कुणाची परवानगी लागत नाही. पकड नंतर येते, आणि ती दोन बाजूंनी येते.

एक, गुन्हा. अश्लीलतेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे (जुन्या दंडविधानातलं २९२). इंटरनेटवरच्या मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागतं, त्यात पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. राजकीय गाण्यांवर बहुधा दोन गटांत तेढ वाढवल्याचं किंवा शांतताभंगाला चिथावल्याचं कलम लावतात. त्याच्या जोडीला, गाण्यात एखादी शिवी असली की ६७ सहज चिकटवता येतं. पण १९ मार्च २०२४ रोजी एका वेब मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नुसती शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे. मजकूर वासना चाळवणारा आहे का, हे संदर्भासकट पाहावं लागतं. रॅप करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल माहीत करून घ्यावा.

दुसरी पकड ब्रॉवर्डच्या वळणाची. आजचा दुकानदार म्हणजे यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारखे मंच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ७९ नुसार लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी मंच जबाबदार धरला जात नाही, पण न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरही मजकूर ठेवला तर ते कवच जातं. कलम ६९अ खाली केंद्र सरकार मजकूर थेट अडवू शकतं आणि २००९ च्या नियमांनुसार ती कार्यवाही गोपनीय असते. त्यामुळे गाणं केलेल्या पोराला बऱ्याचदा एवढंच दिसतं की गाणं ‘या देशात उपलब्ध नाही’.

मराठीत या वाटेवरचं सगळ्यात मोठं प्रकरण गाण्याचं नाही, कवितेचं आहे. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. छापणाऱ्याने आधीच माफी मागितली होती, म्हणून त्याच्यावरचा आरोप रद्द झाला. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. ती छपाई आणि हा निकाल यांत २१ वर्षं गेली.

## गाणं काढायला सांगितलं तर

तोंडी सांगण्यावर गाणं उतरवू नका. कोणतं कलम, कोणता अधिकारी, कोणता आदेश, हे लेखी मागा. फोनवर दिलेला सल्ला हा आदेश नसतो. मंचाने गाणं काढलं असेल तर आधी त्याची नोटीस नीट वाचा. कॉपीराइटची तक्रार ही वेगळी बाब आहे. दुसऱ्याचा बीट किंवा तुकडा परवानगीशिवाय वापरलेला असेल, तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा युक्तिवाद तिथे उपयोगी पडत नाही. अनेक ‘सेन्सॉर झालेली’ गाणी प्रत्यक्षात एवढ्यासाठीच पडलेली असतात. कारण मजकुराचं असेल तर मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागा, आणि तिथे नकार आला तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जा.

गुन्हा दाखल झाला असेल तर तो रद्द करायला उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ५२८ खाली. तिथे उभं राहताना हाताशी काय असावं? पूर्ण गाण्याचे शब्द, सुटी ओळ नव्हे. मूळ ध्वनिमुद्रण, कारण पोलिसांकडची प्रत बहुधा कुणीतरी फॉरवर्ड केलेली, आगापिछा कापलेली असते. अपलोडची तारीख आणि सोबत लिहिलेलं वर्णन. आणि शक्य तितक्या लवकर, एखाद्या समीक्षकाचं, लोककलेच्या अभ्यासकाचं किंवा मराठीच्या प्राध्यापकाचं लेखी मत: या गाण्याची परंपरा कोणती, ही भाषा कुठून येते, भारुडात, लावणीत, शाहिरीत, वस्तीतल्या बोलीत ती कशी वापरली जाते. फ्लोरिडाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने निकाल उलटवला तो असे साक्षीदार पहिल्याच न्यायालयात उभे केले होते म्हणून. अपिलात ते नव्याने आणणं सहसा जमत नाही.